एक कॉम्प्युटर, दोन डिस्क: गिरगावातल्या अक्षरजुळणीच्या दुकानातलं ड्युअल बूट

पार्श्वभूमी

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अक्षरजुळणीचं छोटं दुकान आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत. मालक साठीच्या घरातले, खिळे जुळवण्याच्या काळापासून याच धंद्यात. हाताखाली एक ऑपरेटर ताई. मालकांची मुलगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आणि संध्याकाळी दुकानातल्याच कॉम्प्युटरवर अभ्यासाला बसते. दुकानात कॉम्प्युटर तेवढा एकच. त्या एकावर विंडोज आणि लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) अशा दोन्ही ठेवून चालू करताना हवी ती निवडायची, म्हणजे ‘ड्युअल बूट’ करायचं, ही त्याची गोष्ट.

कामाचं वर्ष ठरलेलं. गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं आणि कार्यक्रमपत्रिका, मग दिवाळी अंकांची पानं आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका. मधल्या काळात लेटरहेड, निधनवार्तांची कार्डं, संस्थांचे अहवाल.

कॉम्प्युटर २०१७ साली जुळवून घेतलेला. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. त्यात पानं मांडायला पेजमेकर, पत्रिका आखायला कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि यूएसबी डोंगल (परवान्याची, पेन ड्राइव्हसारखी चावी) लावल्याशिवाय न चालणारं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर. हे फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. म्हणजे फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट काढला की पानभर ‘कार्यक्रमपत्रिके’च्या जागी रोमन खिचडी दिसते. वीस वर्षांचं काम असल्या फायलींत आहे. ते सॉफ्टवेअर नव्याने बसवायचं झालं तर परवानाही नव्याने उघडून घ्यावा लागणार, आणि ज्यांच्याकडून तो घेतला होता ते गृहस्थ आता धंद्यात नाहीत.

मी आसपासच्या अशा आठ-दहा दुकानांचे कॉम्प्युटर बघतो. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

अडचण

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना त्यानंतर ठिगळ मिळणार नाही. दुकानाचं बँकेचं काम, जीएसटी, ईमेल सगळं याच कॉम्प्युटरवर होत होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपली पिढी सातवी, म्हणजे एका पायरीने हुकलं.

मुलीने उपाय सुचवला, “बाबा, दोन्ही ठेवू. दिवसा विंडोज, रात्री लिनक्स.” तिला अभ्यासासाठी आर आणि पायथन (आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषा) हवं होतं. ते विंडोजवरही चालतं, पण कॉलेजात लिनक्सवर शिकवत होते. बँक आणि जीएसटीही लिनक्समधून करायचं आणि विंडोजचं इंटरनेट तोडायचं, असा तिचा बेत. बेत चांगलाच होता. दिवाळी अंकांची पानं छापायला गेली होती, लग्नपत्रिकांना अजून अवकाश होता. तिने एकटीनेच सुरुवात केली.

डिस्कचे विंडोजमध्ये तीन भाग दिसत: सी, डी, ई. मुंबईत जुळवून दिलेल्या बहुतेक कॉम्प्युटरांत हीच वाटणी. त्याखेरीज विंडोजने स्वतःसाठी राखलेला एक लहान भाग, जो एरवी दिसत नाही. तिने ई ड्राइव्ह शंभर जीबीने आकसवला, लिनक्स मिंटचा (लिनक्सचाच एक प्रकार) पेन ड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलर उघडला. मोकळी केलेली जागा तिथे दिसत होती, पण ‘वापरता येणार नाही’ अशा शेऱ्यासह. मग विंडोजमध्ये परत येऊन तिथूनच नवा भाग पाडायला गेली, तर एक इशारा आला: पुढे गेलात तर ही डिस्क ‘डायनॅमिक’ होईल. त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून तिने मला पाठवला. खाली एकच ओळ: “दादा, यस म्हणू का?”

पहिला निर्णय: तिथेच थांबणं

या सगळ्या प्रकरणातला मोलाचा क्षण हाच, आणि त्याचं श्रेय पूर्ण तिचं.

झालं होतं ते असं. डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची होती. या पद्धतीत प्राथमिक भाग चारच पाडता येतात. पाचवा हवा असेल तर चारांपैकी एकाला ‘विस्तारित’ करून त्याच्या पोटात बाकीचे भाग करावे लागतात. इथे राखीव, सी, डी आणि ई हे चारही प्राथमिक होते, कारण विंडोज बसवतानाच ते पाडले होते आणि विंडोजचा इन्स्टॉलर भाग प्राथमिकच पाडतो. त्यामुळे डिस्कवर शंभर जीबी मोकळे असूनही तक्त्यात पाचव्या नोंदीला रकानाच नव्हता.

विंडोजने सुचवलेली डायनॅमिक डिस्क म्हणजे विंडोजची स्वतःची वेगळीच मांडणी. लिनक्सचे इन्स्टॉलर तिच्यावर काम करत नाहीत. शिवाय विंडोजच्या आपल्या साधनांनी मागे फिरायचं तर आधी सगळे भाग पुसावे लागतात. ‘यस’ म्हटलं असतं तर विंडोज बहुधा चालू राहिलं असतं, लिनक्सचा रस्ता मात्र बंद झाला असता. इशारा नीट लिहिलेला असतो. पण आपण आधीच तीन वेळा ‘नेक्स्ट’ दाबून आलेलो असतो आणि चौथ्यांदा वाचत नाही.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून आम्ही तिघांनी पर्याय मांडले. मालकांची अट एकच: “लग्नपत्रिका सुरू व्हायच्या आत ताईंचं काम जसं होतं तसं चालायला पाहिजे.”

नवा कॉम्प्युटर आणि विंडोज ११: परवान्याचं कोडं जिथल्या तिथे. डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ घेईल याचीही खात्री नाही.

पात्रता तपासणीला बगल देऊन याच कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवणं: असे उपाय फिरत असतात, पण अशा कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतील अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी खटाटोप, ते कारणच उरत नाही.

लिनक्स मुख्य ठेवून विंडोज आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने आतल्या आत उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरात) चालवणं: मुलीला हा पर्याय आवडला होता. ८ जीबी रॅममध्ये दोघांचा संसार, त्यात फिरती डिस्क आणि डोंगल आत पोचवायची कसरत. दिवसाचे आठ तास कोरलड्रॉवर बसणाऱ्या बाईवर हे लादण्यात अर्थ नव्हता.

राहिलं ड्युअल बूट. ते याच डिस्कवर करायचं की वेगळ्या, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

त्याच डिस्कवर करायचा सुबक मार्ग होता. विंडोज १० च्या २०१७ सालच्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरचं जीपीटीत, म्हणजे डिस्कच्या नव्या मांडणीत, रूपांतर करणारं साधन मायक्रोसॉफ्टच देते. त्यात डेटा पुसला जात नाही. अट अशी की प्राथमिक भाग तीनपेक्षा जास्त नकोत आणि विस्तारित भाग अजिबात नको. ई रिकामा करून काढून टाकला की अट पूर्ण. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) सुरू होण्याची जुनी लेगसी पद्धत बंद करून यूईएफआय ही नवी पद्धत चालू करायची. जीपीटीत चार भागांची मर्यादा नाही. कागदावर हे सर्वांत नेटकं.

मी विरोधात होतो. जुन्या काळातली काही परवाना-सॉफ्टवेअर आपली खूण डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या, कुठल्याच भागात न मोडणाऱ्या सेक्टरांत (डिस्कवरच्या लहान कप्प्यांत) लिहून ठेवत. मांडणी बदलली की त्या जागेचा वापर बदलतो. लेगसी पद्धतीत लिनक्सचा बूटलोडर (चालू होताना सिस्टीम निवडून उघडणारा प्रोग्राम) ग्रबही नेमका याच जागेत बसतो. अशी खूण दिसली तर तो सेक्टर टाळायची सोय ग्रबच्या कर्त्यांना मुद्दाम करावी लागली. इथल्या सॉफ्टवेअरने अशी खूण ठेवली आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि मोडलं तर दुरुस्त करणारा माणूस नव्हता. म्हणून सूत्र ठरलं: विंडोजच्या डिस्कची मांडणी, तिचे पहिले सेक्टर, तिचा बूटलोडर, यातल्या कशालाच हात लावायचा नाही. लिनक्स वेगळ्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर.

खर्च वाढणार म्हणून मालक थोडे कुरकुरले. “शंभर जीबी मोकळे आहेत ना आत?” पण एसएसडी बिघडली तरी बायोसमध्ये जुनी डिस्क पहिली केली की दुकान पूर्वीसारखं सुरू होईल, हे ऐकल्यावर ते तयार झाले.

काय केलं

आधी क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने सगळ्या जुन्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि प्रतिमा परत चढवण्याजोगी आहे का याची त्याच्याच पर्यायातून तपासणी केली. रात्रभराचं काम. शिवाय डी ड्राइव्हवरच्या पत्रिकांची साधी कॉपी वेगळी.

एसएसडी लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून आणली. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन दुकान विचारलंत तर विचारतच राहाल. २४० जीबी पुरेसे होते. एसएसडीच्या खोक्यात साटा केबल नसते, ती वेगळी मागून घ्यावी लागते.

मग कॅबिनेट उघडून जुन्या डिस्कची केबल काढली आणि एकटी एसएसडी जोडली. ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येकाने डेस्कटॉपवर एवढं तरी करावं असं माझं ठाम मत आहे. इन्स्टॉलर ‘सगळी डिस्क पुसून बसवू का’ असं विचारतो तेव्हा पुसण्यासारखी डिस्क एकच असते, आणि हात थरथरत नाही.

इथे दुसरा निर्णय होता, आणि तो सहज नजरेतून सुटतो. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लागून. ज्या नोंदीवरून सुरू कराल त्या पद्धतीने लिनक्स बसतं. आमचं विंडोज लेगसी पद्धतीचं. लिनक्स यूईएफआयने बसवलं असतं तर ते स्वतः उत्तम चाललं असतं, पण यूईएफआयमधून सुरू झालेल्या ग्रबला लेगसी विंडोज सुरू करता येत नाही. मग रोज सकाळी वेळेवर की दाबून बायोसचा बूट मेनू उघडावा लागला असता. ताईंकडून ही अपेक्षा ठेवणं बरोबर नव्हतं. म्हणून जाणूनबुजून जुन्या पद्धतीची नोंद निवडली. नवीन कॉम्प्युटरवर मी उलटच सांगेन, पण नियम तोच: दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीच्या हव्यात.

लिनक्स मिंट २२ निवडलं, कारण त्याचा पाठिंबा २०२९ पर्यंत आहे आणि त्याचा चेहरा विंडोजवाल्याला परका वाटत नाही. बसायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. मग कॉम्प्युटर बंद करून जुनी डिस्क परत जोडली, बायोसमध्ये एसएसडी पहिली ठेवली. ग्रब २.०६ आवृत्तीपासून शेजारच्या सिस्टीम आपणहून शोधत नाही, त्यासाठी सेटिंगमध्ये एक ओळ लागते. ती आहे याची खात्री करून मेनू नव्याने बनवला आणि विंडोज १० त्यात आलं.

विंडोजमध्ये सेटिंगचे दोनच बदल केले. नेटवर्क अडॅप्टर बंद केला आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केलं. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ केलेलं विंडोज पुरतं झोपत नाही; गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि डिस्क अजून आपल्याच ताब्यात आहे असं धरून चालतं. त्या अवस्थेत लिनक्सला डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, आणि बळजबरीने लिहिलंच तर फायली बिघडायची भीती. डीवर ‘देवाणघेवाण’ नावाचा फोल्डर केला. दोन्हींकडून लिहायचं ते तिथेच. सी ड्राइव्ह लिनक्समधून उघडायचा नाही.

सुरू झाल्यावरच्या भानगडी

पहिल्याच सकाळी फोन आला. ताई शटर उघडतात, कॉम्प्युटर चालू करतात आणि झाडू मारून, देवाला दिवा लावून परत येतात. तोवर ग्रबचे दहा सेकंद संपून मिंट उघडलेलं. “काका, कॉम्प्युटर बदललात का? माझं सगळं सेटिंग गेलंय!” मालकांनी घाबरून फोन माझ्याकडे फिरवला.

मुलीने सुचवलं, की शेवटी जे वापरलं तेच पुढच्या वेळी उघडेल अशी सोय ग्रबमध्ये आहे, ती लावू. ऐकायला शहाणपणाचं. पण रात्री शेवटी बसणार मुलगी आणि सकाळी आधी येणार ताई, म्हणजे रोज सकाळी मिंटच. विंडोज हाच कायमचा पहिला पर्याय ठेवला. तोही मेनूतल्या क्रमांकाने न देता पूर्ण नावाने दिला, कारण मेनूत एखादी नोंद वाढली की क्रमांक सरकतात. लिनक्स ज्याला हवं, त्याने थांबून निवडावं.

दुसरी भानगड कळायला आठवडा गेला. एका पत्रिकेचं दुपारी केलेलं दुसरं प्रूफ फोल्डरमध्ये सकाळच्या पहिल्या प्रूफाच्या आधी दिसत होतं. विचारपूस केली तर ताई शांतपणे म्हणाल्या, “घड्याळ मागे पडतं ना रोज, मी हाताने लावते.” किती मागे? साडेपाच तास. आकडा ऐकताच उलगडा झाला. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. मिंट इंटरनेटवरून वेळ घेऊन घड्याळात जागतिक वेळ लिहायचं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजायचं. एरवी विंडोजने इंटरनेटवरून स्वतःला सुधारून घेतलं असतं, पण त्याचं इंटरनेट आम्हीच तोडलेलं. ताई रोज दुरुस्त करायच्या, मिंट रोज रात्री ‘दुरुस्त’ करायचं. त्या दिवशी मुलीने जेवणाच्या सुट्टीत बँकेसाठी मिंट उघडलं होतं, म्हणून एकाच दिवसात प्रूफांचा क्रम उलटला.

उपाय दोन्ही बाजूंनी करता येतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करून त्याला जागतिक वेळ धरायला लावता येतं, किंवा लिनक्सला एका आदेशाने स्थानिक वेळ धरायला सांगता येतं. लिनक्सवाले दुसऱ्या मार्गावर नाकं मुरडतात, आणि सिस्टीमही इशारा देते. त्यांचा मोठा आक्षेप उन्हाळी वेळेचा: वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं तिथे दोन सिस्टीम दोनदा सरकवतात. भारतात उन्हाळी वेळ नाही. आम्ही लिनक्सलाच वळवलं आणि विषय संपला.

तिसरी भानगड तांत्रिक नव्हती, आणि खरं सांगायचं तर बेत आखताना तिचाच विचार सर्वांत जास्त व्हायला हवा होता. गिऱ्हाइकाचं मॅटर व्हॉट्सॲपवर येतं आणि प्रूफही व्हॉट्सॲपवरच जातं. आधी ताई कॉम्प्युटरवरच व्हॉट्सॲप उघडून बसत. आता विंडोजला इंटरनेट नाही, आणि एका प्रूफासाठी कॉम्प्युटर बंद-चालू करणं म्हणजे फिरती डिस्क आणि कोरलड्रॉ उघडेपर्यंत गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत. पहिल्या दोन दिवसांत अडॅप्टर पुन्हा चालू करायची गोष्ट निघालीच. शेवटी दुकानाचा एक मोबाइल केबलने जोडून ठेवायचं ठरलं. मॅटर मोबाइलवर येतं, केबलने आत जातं. प्रूफ चित्र म्हणून बाहेर येतं. दिवसाला दहा-बारा प्रूफांना हे पुरतं. गिऱ्हाइकाने मोठी फाइल ड्राइव्हवरून पाठवली की अडतं. ती मालक रात्रीसाठी ठेवतात किंवा पेन ड्राइव्ह मागवतात.

आजची स्थिती

लग्नसराई या व्यवस्थेवर निभावली. ताईंनी मिंट एकदाही उघडलेलं नाही आणि उघडायची गरजही नाही. बँक, जीएसटी आणि ईमेल रात्री मिंटमधून होतं. सुरुवातीला मालक मुलीला शेजारी बसवत, आता एकटे करतात. मुलीचं प्रकल्पाचं काम एसएसडीवर झरझर चालतं आणि त्यावरून बापलेकीत थट्टा होते, कारण दिवसभर पोट भरणारं विंडोज अजून जुन्या डिस्कवर कण्हत असतं.

जुने .सीडीआर (कोरलड्रॉच्या फायली) मिंटमधल्या लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडून पाहिले. उघडतात, चौकटी जागेवर येतात, अक्षरं खिचडी. पेजमेकरच्या पानांचंही तेच. ती कामं विंडोजमध्येच राहणार.

गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह हा कच्चा दुवा उरला आहे. विंडोज डिफेंडरसाठीची विषाणू-ओळखीची माहिती मायक्रोसॉफ्ट विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार आहे आणि ती फाइल वेगळी उतरवून हाताने चढवता येते. मुलगी ती मिंटमध्ये उतरवून देवाणघेवाण फोल्डरात ठेवते. याने भोकं बुजत नाहीत, ओळखीचा चोर दारात दिसतो एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

घाई टाळता आली असती. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव सुरक्षा मुदत घेता येत होती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि मालकांना ते नको होतं. तरी खातं काढून ती मुदत आधी घेतली असती, तर हे सगळं लग्नसराईच्या तोंडावर न करता पावसाळ्याच्या सुरुवातीला सावकाश करता आलं असतं, आणि पेन ड्राइव्हची धास्तीही वर्षभर कमी झाली असती.

दोन सिस्टीमांत वेळेने काम वाटता येतं का, हे बसवण्याआधी आठवडाभर वहीत लिहून पाहायला हवं होतं: इंटरनेट कधी लागलं, कोणाला, कशासाठी. इथे मोबाइलच्या केबलने वेळ मारून नेली. ज्या दुकानात दर पंधरा मिनिटांनी ईमेल लागतं, तिथे मी ड्युअल बूट सुचवणारच नाही; इंटरनेटसाठी एखादा जुना लहान कॉम्प्युटर शेजारी ठेवा म्हणेन.

आणि सर्वांत जुन्या सुट्या भागाकडे आधी बघायला हवं होतं. मिंटमधून डिस्कच्या प्रकृतीची नोंद वाचली तेव्हा विंडोजच्या डिस्कवर बदललेल्या खराब सेक्टरांचा आकडा शून्य नव्हता. महिन्याने पाहिलं तर तो थोडा वाढला होता. म्हणजे मांडणीला हात न लावण्याचं सूत्र फार दिवस पाळता येणार नाही. डिस्क मरण्याआधी ती जशीच्या तशी, पहिल्या सेक्टरापासून, दुसऱ्या एसएसडीवर उतरवावी लागेल, आणि डोंगलवालं सॉफ्टवेअर त्या प्रतीवर उघडतं का ते मूळ डिस्क बाजूला सुखरूप ठेवून पाहावं लागेल. एसएसडी आणून ठेवली आहे. गणपतीची पावतीपुस्तकं सुरू व्हायच्या आत एका रविवारी हे काम करायचं ठरलं आहे.